ऐनवेळ येऊ न देणारा माणूस

गुप्ते सर कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी वास घ्यायचे. नाक वर, डोळे बारीक, मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. यजमान 'या, या' म्हणत हात जोडून उभे आणि हे उंबऱ्यातच थांबलेले. आमच्या डोंबिवलीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. सर आले, वास घेतला आणि पूजेला नमस्कारही न करता सरळ आतल्या खोलीत गेले. गच्चीवरच्या सोलर पॅनलची बॅटरी तिथे होती. झुरळं शिरू नयेत म्हणून सासऱ्यांनी तिला खास सागवानी पेटी करून घेतली होती आणि फटींमध्ये चिंध्या कोंबल्या होत्या. सासूबाईंनी पेटीवर क्रोशाचा रुमाल घालून वर आमच्या लग्नाचा अल्बम ठेवला होता. सरांनी अल्बम बाजूला केला, रुमाल बाजूला केला, झाकण उघडून बॅटरीच्या अंगाला हात लावला आणि बाहेर येऊन पंगतीत बसलेल्या माझ्या सासऱ्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "आपल्याला मरायची घाई आहे, ते समजू शकतो. वय झालंय. सुनेला कशाला बरोबर नेताय?"

सासऱ्यांच्या हातातला जिलबीचा तुकडा तसाच राहिला. "अहो, ती सीलबंद बॅटरी आहे," ते कसंबसं म्हणाले. "दुकानदार म्हणाला, काही बघावं लागत नाही. पाणी नाही, वास नाही, गॅस नाही."

"दुकानदार इथे राहायला येणार आहे का?" सर म्हणाले. मग सगळ्या पाहुण्यांसमोर जमिनीवर बसून त्यांनी एकेक चिंधी उपसली, बॅटरी पेटीतून काढून खिडकीजवळ मोकळ्या हवेत ठेवली, हात धुतले आणि पानावर बसले. मठ्ठा दोनदा मागून घेतला. सासरे माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. त्या पेटीत आम्ही आता कांदे-बटाटे ठेवतो.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आमची कंपनी होती. पुढच्या भागात ऑफिस आणि स्टोअर, मागच्या भागात प्रशिक्षण. बंगले, सोसायट्या, फार्महाउस अशा ठिकाणी आम्ही सोलर बसवायचो आणि ते बसवणारे टेक्निशियन मागच्या वर्गात तयार व्हायचे. मी ऑफिस सांभाळायचे. वर्ग गुप्ते सरांचा. ते ठाण्याच्या नौपाड्यातले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, भाषा अगदी पुस्तकी. त्यांनी कधी आवाज चढवला नाही की शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं मुलं म्हणायची. शिवी माणूस विसरतो.

"सील म्हणजे तोंड शिवलेलं नाही," ते पहिल्याच दिवशी सांगायचे. "पाणी घालायला झाकण नाही, एवढाच त्याचा अर्थ. आत झडप आहे. बेताने चार्ज केलंत तर झालेला गॅस आतल्या आत पुन्हा पाणी होतो. हावरटपणा केलात तर झडप उघडते आणि गॅस बाहेर पडतो. गेलेलं पाणी परत घालता येत नाही, म्हणून बॅटरी आतून वाळते. वाळली की तापते, तापली की जास्त करंट ओढते, ओढला की आणखी तापते. तुमच्यातल्या काहींचं दारूच्या बाबतीत हेच होणार आहे." असं म्हणून ते खरोखरच वर्गावरून नजर फिरवायचे आणि एखाद्यावर ती क्षणभर ठेवायचे. त्या मुलाचा दिवस तिथेच संपायचा.

चार्जिंगचे टप्पे ते जेवणावरून शिकवायचे. "उपाशी असते तेव्हा पोटभर वाढा. पोट भरत आलं की हात आखडता घ्या. भरलं की नुसती जिभेला चव लागेल एवढंच द्या, पण ताटावरून उठवू नका." मग एखाद्या जाड्या मुलाकडे बघून, "ह्याच्या आईला हे वेळेवर कोणी सांगितलं असतं तर ह्याला आज पॅनलखाली शिरता आलं असतं." वर्ग हसायचा. हसण्यात ज्याचा आवाज मोठा, पुढची पाळी त्याची. व्होल्टेजचे आकडे मात्र ते फळ्यावर कधी लिहीत नसत. "फळ्यावरचं तुम्ही पाठ कराल आणि भलत्याच बॅटरीला लावाल. जिला चार्ज करताय तिच्या अंगावर छापलेलं आहे. वाचता येतं ना? की तेही मीच?" उन्हाळ्याचा धडा असाच. "वैशाखात तुम्हाला जेवण जातं का? मग तिला पौषातल्याइतकं का वाढता? अंगाचं तापमान मोजणारी वायर तिच्या कुशीला चिकटवा आणि व्होल्टेज उतरवा."

कळव्याच्या एका मुलाने एकदा विचारलं, "सर, ह्यात डिस्टिल्ड वॉटर कुठून भरायचं?" घरी इन्व्हर्टरला पाणी घालायची सवय, बिचाऱ्याच्या तोंडून निघून गेलं. सरांनी कोपऱ्यातली सीलबंद बॅटरी त्याच्या हातात दिली. "झाकण शोध. सापडलं की खाली ठेव." बॅटरी चांगली वजनदार. तास चालू राहिला. मुलगा तिला पोटाशी धरून उभा, कपाळावरून घाम गळतोय, आणि सर दुसऱ्या मुलांना वायरच्या जाडीबद्दल सांगताहेत. शेवटी मुलगा रडायला लागला तेव्हा सर म्हणाले, "सापडलं?" "नाही सर." "का?" "झाकण नाहीये सर." "बस खाली." तो मुलगा आता कळव्यातच स्वतःचा धंदा करतो. मध्यंतरी भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, अजून स्वप्नात येतो तो माणूस." पण त्याच्या हातून आजवर एकही बॅटरी फुगलेली नाही, हेही त्यानेच सांगितलं.

त्यांची दुसरी तऱ्हा मला त्याहून सहन होत नसे. काम करताना क्रम महत्त्वाचा. आधी पॅनलकडून येणारी वीज तोडायची, मग बॅटरीच्या वायरीला हात लावायचा. "आधी सूर्य, मग बॅटरी," हे ते घोकून घ्यायचे. चार्जिंग चालू असताना नट सैल केला तर ठिणगी उडते आणि जवळपास गॅस असेल तर संपलं. सरावात कोणी हा क्रम चुकला की सर त्याला मोबाइल काढायला लावायचे. "घरी फोन लाव. स्पीकरवर. सांग, आई, आज मी आंधळा झालो असतो." मुलं गयावया करायची, "सर, आई घाबरेल." सर म्हणायचे, "घाबरू दे. आज खोटं घाबरू दे." मग त्या शेडमध्ये कोणाची तरी आई, कोणाची नवी नवरी स्पीकरवर हंबरडा फोडायची, आणि सर मनगटावरचं घड्याळ बघत उभे असायचे. रडणं ओसरलं की फोन स्वतः घ्यायचे आणि अत्यंत अदबीने सांगायचे, "नमस्कार. मुलगा सुखरूप आहे. पुन्हा चुकणार नाही." आणि खरंच, पुन्हा कोणी चुकत नसे. मी एकदा त्यांना म्हटलं, "सर, हे शिकवणं नव्हे." ते म्हणाले, "बरोबर. शिकवायला पुस्तकं आहेत, राणेबाई. मी ह्यांना भिववतो. घाबरलेला माणूस दोनदा बघतो."

आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे सदा.

सदानंद आमच्याकडे चहा करायचा आणि स्टोअर बघायचा. डावा डोळा गेलेला, त्या बाजूचा गाल आणि भुवई अॅसिडने खाल्लेली. सतत काळा चष्मा. तो आधी आमचाच टेक्निशियन होता, सरांच्याच वर्गात तयार झालेला. अपघातानंतर मालक त्याला घरी बसवणार होते. सर मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "सदा इथेच राहील." आम्हाला सगळ्यांना भरून आलं. सरांच्या आत कुठेतरी ओल आहे, असं मीसुद्धा त्या दिवशी घरी जाऊन सांगितलं. पुढची बॅच सुरू झाली तेव्हा कळलं, सरांनी त्याला कशासाठी ठेवून घेतलं होतं ते.

प्रत्येक बॅचला एक दिवस यायचा. सदा चहाचा ट्रे घेऊन वर्गात शिरला की सर म्हणायचे, "सदा, ट्रे ठेव. चष्मा काढ." सदा चष्मा काढून मुलांसमोर उभा राहायचा. सर छडी घेऊन, नकाशावर नद्या दाखवाव्यात तसं, त्याच्या चेहऱ्यावर दाखवायचे. हे अॅसिड. हा प्लास्टिकचा तुकडा शिरला ती जागा. मग गोष्ट. "आंबिवलीला एका घरात सदाने सीलबंद बॅटरी बसवली. चार्जिंगचा कंट्रोलर कारखान्यातून आला तो पाण्याच्या बॅटरीच्या सेटिंगवर लावलेला होता. तो सीलबंदवर आणायला चार बटणं दाबावी लागतात. सदाने दाबली नाहीत. का? कंटाळा. घरातली म्हातारी म्हणाली, बॅटरी देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेव, तिथे कोणी चपला घालून येत नाही, पोरं हात लावत नाहीत. कपाटाला दार, दाराला कडी, वर तेवता दिवा. सदा हो म्हणाला. का? म्हातारीला नाही म्हणायची लाज. कंटाळा आणि लाज. ह्याचा डोळा त्या दोघांनी खाल्ला." मुलं खाली बघायची. "वर बघा," सर म्हणायचे. "चहा त्याच्याच हातचा प्यायचाय तुम्हाला."

ही गोष्ट खरी होती. पण अर्धी.

उरलेली मला ठाऊक होती, कारण अपघातानंतर मालकांबरोबर आंबिवलीच्या त्या घरी मीच गेले होते. जुनं आगरी घर, शेती होती तिथे आता इमारती, अंगणात गाड्या. त्या आजींनी मला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. भर उन्हाळा. देवघरात सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला. बॅटरीचा कोणाला संशयही आला नाही, सील आहे म्हटल्यावर. आजींना वाटलं, सुनेने देवाच्या कपाटात अंडी आणून ठेवली. त्यावरून घरात महाभारत झालं. सून शपथा घालून थकली, माहेरी जायला निघाली, तेव्हा कुठे मुलाने कपाटाचं दार ओढलं, तर ते उघडेना. आतली बॅटरी फुगून दाराला भिडलेली. मग सदाला बोलावलं. तो पोहोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. तो खाली बसून दार उघडत होता आणि आजी सवयीने वर दिवा लावायला काडी ओढत होत्या.

"त्यानं दार उघरला नि माजेकडं बगला," आजी म्हणाल्या होत्या. "बोलला काय नाय. दोनी हातांनी ढकलला मना. मी पार ओटीवर जाऊन परले. नि मंग त्यो आवाज. माजा तोंड व्हता गो त्या जागी. त्या पोरान सोताचा दिला." आणि त्या धाय मोकलून रडल्या. सुनेचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

मी सरांना विचारलं, हे का नाही सांगत? सदाने सुरुवातीला चूक केली, मान्य. पण शेवटी त्याने एक जीव वाचवला. सरांनी पेनाचं टोपण लावलं. "राणेबाई, धाडस सांगितलं की मुलं चूक विसरतात. प्रत्येकाला वाटतं, आपणही ऐनवेळी कुणाला तरी ढकलू. मला ऐनवेळच येऊ द्यायची नाहीये." मी म्हटलं, "आणि सदाचं काय?" ते म्हणाले, "सदाचं व्हायचं ते होऊन गेलं." त्या वाक्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सदा हे सगळं कसं सोसत होता, ह्याचं मला नवल वाटायचं. त्याचं कारण मला अश्विनी आली तेव्हा समजलं. अश्विनी त्याची मुलगी. विठ्ठलवाडीच्या त्यांच्या खोलीत बापाने तिला लहानपणापासून दुसरी अर्धी गोष्टच सांगितली होती. आजी, काडी, धक्का, आवाज. चार बटणांचा त्यात उल्लेख नव्हता. बारावीनंतर ती आमच्याकडे प्रवेश घ्यायला आली. एवढीशी मुलगी, दोन वेण्या, डोळ्यांत नुसती चमक. मी विचारलं, "ह्याच लाइनमध्ये का यायचंय?" ती म्हणाली, "माझ्या बाबांनी आंबिवलीच्या आजीला वाचवलं ना, मॅडम. शाळेत सगळ्यांना माहितीये. मला पण तसलंच काम करायचंय." बाजूला सदा उभा होता. त्याने मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं.

त्या दिवशी दुपारी तो सरांच्या टेबलापाशी गेला. मी समोरच बसले होते. इतक्या वर्षांत त्याने सरांकडे काही मागितल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"सर, एक विनंती होती. ह्या बॅचला तेवढं सोडा. पोरगी आहे."

"ह्याच बॅचला दाखवणार," सर म्हणाले.

"सर, पाया पडतो. ती मला... तिला घरी वेगळं माहितीये. पुढच्या सगळ्या बॅचना दाखवा, मी रोज उभा राहतो. फक्त तिच्यासमोर नको."

"सदा, तुझी मुलगी वर्षभरात बॅटरीसमोर एकटी उभी राहणार आहे. तिला बाप पाहिजे की डोळे?"

सदा परत स्टोअरकडे गेला. ह्यावर कोणता बाप काय बोलेल? पण तो घरी जाऊन तिला आधी स्वतः सांगेल, अशी माझी आशा होती. 'सांगून टाक रे,' असं मी त्याला बजावलंसुद्धा. तो रोज 'आज सांगतो' म्हणायचा. नाही सांगितलं त्याने. कसं सांगणार? जन्मभर कोणी त्याला हार घातला नव्हता. तो एकच हार होता, तिने घातलेला.

तो दिवस आला. मी मुद्दाम वर्गाच्या दाराशी उभी राहिले. सदा ट्रे घेऊन शिरला. सर म्हणाले, "ट्रे ठेव. चष्मा काढ." छडी फिरली, गोष्ट झाली. कंटाळा आणि लाज. अश्विनी पहिल्या बाकावर. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला, पण नजर वरच होती. वाटलं, संपलं. पण सरांचं संपलं नव्हतं.

"अश्विनी, उभी राहा. चूक कोणाची?"

ती उभी राहिली.

"बॅटरीची? कारखान्याची? म्हातारीची?"

"नाही, सर."

"मग?"

"बसवणाऱ्याची."

"बसवणाऱ्याला नाव असतं. पूर्ण नाव."

तिने बापाकडे पाहिलं. बाप जमिनीकडे बघत होता. मग तिने नाव घेतलं, आडनावासकट, शाळेत हजेरीच्या वेळी घ्यावं तसं स्पष्ट. सर म्हणाले, "बस. उत्तर बरोबर आहे."

माझं डोकं फिरलं. मी दारातूनच ओरडले, "आणि म्हातारीला कोणी वाचवलं, तेही सांगा की! काडी ओढली तेव्हा ह्याने तिला ढकललं म्हणून ती जगली. मला तिने स्वतः सांगितलंय. हे का लपवता?" सगळा वर्ग माझ्याकडे वळला. सदाने पहिल्यांदा मान वर केली. अश्विनीचा चेहरा क्षणभर असा उजळला की मला वाटलं, जिंकले.

सर जराही विचलित झाले नाहीत. "राणेबाई म्हणतात ते अक्षरशः खरं आहे," ते म्हणाले. "सदाने ढकललं. मोठं काम केलं. आता मला सगळ्यांनी सांगा, ती चार बटणं दाबली असती आणि बॅटरी उघड्यावर ठेवली असती, तर ढकलावं लागलं असतं का?"

सरांनी छडी पहिल्या बाकाकडे वळवली.

"अश्विनी?"

"नाही, सर," ती म्हणाली.

"घरात आग लावायची आणि मग पाण्याची बादली घेऊन धावायचं, ह्याला आपण शौर्य म्हणतो का?"

"नाही, सर." ह्या वेळी अख्खा वर्ग म्हणाला. तिचा आवाज त्यात वेगळा ऐकू येत होता. सदाने चष्मा लावला आणि चहा वाटायला सुरुवात केली. तिने त्याच्या हातून कप घेतला, पण वर पाहिलं नाही. मी गप्प बसले असते तर निदान उरलेलं अर्धं त्या बापलेकींत शाबूत राहिलं असतं का, ह्याचा मी खूप विचार केला. मला नाही वाटत. ते अर्धंही सरांनी कधीतरी शोधून काढलंच असतं.

त्या बॅचमध्ये अश्विनी पहिली आली. पुढे तिच्याइतकं चोख काम करणारं आमच्याकडे कोणी झालं नाही. कंट्रोलर ती आधी चालू करून सेटिंग वाचते आणि मगच भिंतीला लावते. जुन्या बॅटरीशेजारी नवी जोडा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणते. देवघरात, पलंगाखाली, बंद कपाटात बॅटरी ठेवा म्हणणाऱ्या आजींना तर अशा शब्दांत नाही म्हणते की त्या पुन्हा विषय काढत नाहीत. सरांची ती लाडकी झाली. लाडकी म्हणजे सर तिला टोचून बोलायचे नाहीत, एवढंच. घरी ती बापाशी भांडली वगैरे नाही. त्याच्या डब्यात पोळ्या जास्त घालायची, त्याची औषधं आणायची. फक्त ती आंबिवलीची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही. सदाने मला एकदा सांगितलं, "पूर्वी कोणी पाहुणे आले की तीच सांगायची, मॅडम. आता पाहुण्यांनी डोळ्याबद्दल विचारलं की म्हणते, बाबांचा अपघात झालेला."

सर गेल्या वर्षी गेले. आतड्याचं दुखणं होतं, शेवटचे दिवस हॉस्पिटलमध्येच काढले. अश्विनी रोज डबा घेऊन जायची. मी भेटायला गेले तेव्हा ते अर्धे झाले होते, पण वॉर्डबॉयला इमर्जन्सी दिव्याच्या बॅटरीवरून झापत होते. सगळे विद्यार्थी येऊन गेले होते. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं, मग त्यांनी विचारलं, "सदा आला नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"बरोबर आहे. मीही आलो नसतो." आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने, मी उठायला लागले तेव्हा म्हणाले, "माझ्या हाताखालून गेलेल्या एकालाही इजा झालेली नाही, राणेबाई. सदानंतर एकालाही नाही." ह्यात अभिमान होता की आणखी काही, ते मला कळलं नाही. मी मनापासून सांगते, त्या माणसाचा मला राग राग यायचा आणि तो गेला तेव्हा मी घरच्या माणसासारखी रडले. स्मशानात त्यांच्या वर्गातली मुलं जमली होती, कळव्याची, विठ्ठलवाडीची, कसाऱ्यापर्यंतची. सगळ्यांचे हात, डोळे, चेहरे जागच्या जागी. ही सगळी तरुण पोरं धडधाकट उभी होती ती ह्या खाटीक माणसामुळे, हे मला नाकारता येईना.

वर्ग आता अश्विनी घेते. पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं, "मॅडम, ते चष्मा काढायला लावणं मी बंद करतेय. मी मोठे फोटो करून घेतलेत, फुटलेल्या बॅटऱ्यांचे. तेवढे पुरतील." मला इतका आनंद झाला की मी तिला जवळ घेतलं. सदालाही मीच जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं."

आणि त्याच बॅचला, फोटो दाखवून व्हायच्या आत, सदा ट्रे घेऊन वर्गात गेला. ट्रे ठेवला. कोणी काही सांगितलं नव्हतं. चष्मा काढला आणि मुलांसमोर उभा राहून स्वतःच बोलायला लागला. आंबिवलीला एका घरात मी बॅटरी बसवली. चार बटणं दाबायची होती, दाबली नाहीत. कंटाळा. म्हातारीला नाही म्हटलं नाही. लाज. शब्द सरांचे, थांबण्याच्या जागा सरांच्या. धक्क्यापाशी येऊन तो थांबला आणि म्हणाला, "बस, एवढंच." अश्विनी फळ्याशी खडू हातात धरून उभी होती. ती मध्ये पडली नाही.

चहानंतर मी त्याला स्टोअरमध्ये गाठलं. माझा आवाज चढला होता. "सदा, आता तर कोणी बळजबरी करत नाहीये. सांगायचंच होतं तर सगळं का नाही सांगितलंस? आजीला ढकललंस ते?"

त्याने हातातला ट्रे खाली ठेवला. मग म्हणाला, "ढकललं का हो मी?"

"म्हणजे?"

"खरं सांगू, मॅडम? मला आता आठवतच नाही. दार उघडलं ते आठवतं. पुढचं आठवायला गेलो की सरांचा आवाज येतो नुसता. म्हातारी कुठे उभी होती, माझे हात कुठे होते, काही दिसत नाही. रात्री पडल्या पडल्या लय प्रयत्न केला. वाटतं, पोरीला बरं वाटावं म्हणून मीच रचलं असेल."

"अरे, रचलं कसं असेल? मला तिने स्वतः सांगितलंय. रडली होती माझ्यासमोर."

"म्हातारी घाबरलेली होती तेव्हा. माणूस काहीही बोलतो." त्या आजी आता नाहीत. त्या घराच्या जागी टॉवर उभा राहिलाय आणि ती सून कुठे राहते, कोणाला ठाऊक नाही.

"ढकललंस तू तिला," मी जवळजवळ किंचाळले. "मी सांगते ना तुला! ढकललंस."

"तुम्ही कुठे होतात तिथे, मॅडम," तो माझी समजूत घालत म्हणाला, आणि रिकामे कप ट्रेमध्ये ठेवायला लागला.